घुमणारा आवाज

घर विकलं होतं, सामानही नव्या घरी गेलं होतं, ताबा तेवढा द्यायचा बाकी होता; पण शिवणकाम करणाऱ्या काकूंनी जुन्या घरातली वीज आणि इंटरनेट काही सोडलं नव्हतं. नेटवाला फोन करून करून थकला.

"काकू, नेट नव्या घरी हलवायचं कधी?"

"बघू रे, एवढी काय घाई पडलीय तुला?" म्हणून त्या फोन ठेवून द्यायच्या.

दुपार कलली की त्या किल्ली घेऊन निघायच्या. रिकाम्या खोलीत उन्हाचा चौकोन पसरलेला असायचा, जणू कुणी बेतायला पिवळं कापड अंथरलंय. कोपऱ्यात राउटरचे हिरवे दिवे एकटेच लुकलुकत असायचे. निळ्या भिंतीला पाठ टेकून काकू परदेशातल्या लेकीला व्हिडिओ कॉल लावायच्या. लेक याच खोलीत रांगली होती. घर गेल्याचं ऐकून ती रडेल, म्हणून काकू ताकास तूर लागू देत नव्हत्या. मागे भिंत तर तीच दिसत होती.

आज बोलता बोलता लेक थांबली. "आई, घर रिकामं झालंय ना गं?"

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. "कोणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला हवं? तुझा आवाज घुमतोय. कितीतरी दिवस."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू नेट हलवलं असतंस."

गुडघ्यावर हात टेकून काकू सावकाश उठल्या आणि फोन उलटा फिरवून धरला.

"चल," त्या म्हणाल्या, "आधी स्वयंपाकघर बघू."