नदीकाठचा बाक

पुराच्या पाण्यात माझा देव वाहून गेला. हे मी अलंकारिक बोलत नाही. खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि नारायण पेठेतल्या माझ्या तळमजल्यावरच्या घरात ते छातीइतकं चढलं. ओसरल्यावर देव्हाऱ्यात नुसता चिखल होता, आईनं दिलेला बाळकृष्ण नव्हता. मी एकटीच राहते. आयटी कंपनीत सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेते. पेठेत हे काम लोक फुकट करतात. त्या दिवसापासून मी दिवा लावणं सोडलं. जो स्वतः वाहून गेला तो मला काय तारणार, असा माझा रोखठोक सवाल होता. नदीच्या आवाजाची भीती बसली, म्हणून मी काठाकडे फिरकेनाशी झाले आणि हळूहळू माणसांकडेही. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

काठावरच्या मोकळ्या जागेत पुरानं गाळ आणून टाकला होता. तिथे सगळ्यांना फिरता-बसता येईल, मुलांना खेळता येईल अशी जागा करायचं रहिवाशांनी ठरवलं. आराखडाही आपणच करायचा. मला संगणक येतो, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. मी घरात बसूनच तो काढला. नदीकडे तोंड केलेले बाक, एका ओळीत, अगदी देखणे. बैठकीत वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णी काकू म्हणाल्या, "चित्र सुरेख आहे हो. पण पूर पाहिलेलं माणूस नदीकडे तोंड करून बसेल का? आपण तिथे एकदा तरी उभ्या राहिलात का?" खरं होतं, म्हणूनच फार लागलं. मग ठरलं, कागद नंतर. आधी मैदान आखायच्या फक्कीनं सगळं जागेवर आखायचं आणि रविवारी सर्वांनी बघायचं.

शनिवारी सकाळी फक्कीची पिशवी घेऊन मी एकटीच गेले. पाण्याचा आवाज कानावर आला. मी गाळातच बसले आणि रडले. तोंडून "देवा" निघालं, पण चिडूनच. तेवढ्यात खांद्यावर हात पडला. साठीची एक बाई होती, हातात दुधाची पिशवी.

"घाबरलीस व्हय? मला बी भ्या वाटतंय. धर हात, दोघी जाऊ."

तिनं मला सगळा काठ चालवला. मी बाक आखायला आले आहे म्हटल्यावर ते कसे हवेत हे तिनं स्वतः जमिनीवर बसून पाहिलं. नदीकडे तोंड केलं, उठली. पाठ केली, लगेच वळून पाहिलं. शेवटी नदी एका बाजूला येईल अशी आडवी बसली आणि मला समोर बसवलं. "हे बरं हाय. पाणी कडेला दिसतंय, माणूस म्होरं." मी तिथे फक्की ओढली. पिशवी बांधून मान वर केली तर ती गेलेली होती. नंतर पुष्कळांना विचारलं, कोणालाच ती माहीत नव्हती. कुठल्या तरी बुडालेल्या वस्तीतली असेल. ती कोण होती, हे मात्र मी पुढे तपासत बसले नाही. त्या संध्याकाळी मी दिवा लावला.

मी देवाकडे न भिणारा कोणी तारणहार मागत होते. त्यानं माझ्याइतकीच घाबरलेली बाई पाठवली. शरण जाणं म्हणजे भीती संपणं, असं मला वाटायचं. तसं नाही. भीत भीत हात पुढे केला तरी त्याला चालतं. त्याचे उपकार कसे फेडू?

रविवारी ती आखणी सर्वांना पटली आणि बाक तयार झाले, समोरासमोर आणि नदीला आडवे. पहिल्याच संध्याकाळी कुलकर्णी काकू माझ्यासमोर येऊन बसल्या. बराच वेळ त्यांनी एकही चूक काढली नाही. मग नदीकडे न बघता म्हणाल्या, "अहो, हा आवाज आला की माझे अजून हातपाय गार पडतात. कोणाला सांगणार?"

मी त्यांचा हात हातात घेतला. खरंच गार होता.