आमच्या कॉम्प्युटरचा वैद्य

मी फ्लॉपी उलटी खुपसली आणि ती आत अडकून बसली, म्हणून त्याला पुन्हा आष्ट्याहून सांगलीला यावं लागलं. आमच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरचा तो वैद्य. चपला दाराबाहेर काढायचा, बैलाच्या पाठीवर मारावी तशी डब्यावर थाप मारायचा आणि म्हणायचा, "लय थकलंय, सायेब."

कॉम्प्युटर बायकोचा, तिच्याच कमाईतला. त्यावर ती लोकांचे प्रबंध टाइप करून द्यायची. मला तो धड बंदही करता येत नव्हता.

"मेमरी वाढवली तर अजून वर्षभर निघेल ना?" त्यानं फ्लॉपी काढून दिल्यावर तिनं विचारलं.

"सायेब, ह्यात आता जीव न्हाई. नवा घ्या," त्यानं मला सांगितलं. तिच्याशी त्याचं बोलणं एवढंच, "वैनी, चा झकास."

"नवा नको. मेमरीच वाढवा," ती म्हणाली.

तो स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून माझ्याकडे बघत बसला. मी मान हलवली. मगच त्याचा हात चालला. काम मात्र चोख केलं.

तो गेल्यावर मी तावातावानं म्हटलं, "काय माणूस आहे! तुला जमेतच धरत नाही."

कप उचलत ती म्हणाली, "त्याचं राहू द्या. तुम्ही मान का हलवलीत?"