दोन लग्नांमागचा फणस

महाडच्या बाजारात माझ्या भांड्यांच्या दुकानाला लागून सुनीलचा फोटो स्टुडिओ आहे. ताकही फुंकून पिणारा माणूस. लग्न उरकून आला की कार्डातले फोटो आधी कॉम्प्युटरवर घेणार, मग हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क माझ्या माळ्यावर ठेवणार, कारण पुराचं पाणी आधी त्याच्या दुकानात शिरतं. गिऱ्हाइकानं समोर बसून फोटो पाहिल्याशिवाय कार्ड पुसत नाही. जुनं तर काहीच टाकत नाही. मी पुष्कळ चिडवायचो.

यंदा मे महिन्यात पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत ठमाबाईच्या मुलाचं, हृतिकचं लग्न झालं. ते फोटो कॉम्प्युटरवर घेताना सुनील थबकला. ठमाबाईच्या लेकीचं, श्रुतिकाचं लग्नही त्यानंच टिपलं होतं. ते त्यानं डिस्कवरून काढलं, दोन्ही फोटो शेजारी लावले आणि मला हाक मारली. तेच अंगण, मुहूर्तमेढ त्याच जागी, मागे तोच फणस. जुन्या फोटोत फणस सरळ होता. नव्यात बुंध्यापासून घराकडे कललेला, आणि त्याच्या वर डोंगराला एक लांब काळी भेग. "दरड येणार," सुनील म्हणाला.

दोन्ही फोटो मोठे छापून आम्ही वाडीवर गेलो.

"मांडवाची दोरी दोन्ही येळंला फणसालाच ताणली ना," ठमाबाई म्हणाली. "त्यानंच वाकलाय तो."

"दोरीनं फांदी वाकंल, काकी," सुनील म्हणाला. "हा मुळासकट सरकलाय. पावसाआधी खाली चला."

"गुरं कुठं नेऊ? भात कोण लावील?" तिनं फोटो पुन्हा पाहिला. "श्रुतिका बाकी बेस दिसते."

तहसील कचेरीत फोटो दिले. पाहणी होईल म्हणाले. मुंबईहून हृतिक म्हणाला, सुट्टी मिळाली की येतो.

परवापासून पाऊस थांबलेला नाही. वाडीतला एकही फोन लागत नाही. आज सकाळी सुनील रेनकोट घालूनच दुकानात आला आणि एक पेनड्राइव्ह माझ्या हातात ठेवला.

"पुण्याला तुमच्या लेकीकडं पाठवा, काका. वाडीतल्या एकेकाचा चेहरा वेगळा काढलाय. खाली नाव टाकलंय."

"नावं कशाला?"

"ओळख पटवाया लागली तर." त्यानं मोटरसायकलला किक मारली. "आणायला जातोय त्यांना. आता उचलून आणीन."

तो गेल्यावर मी ते फोटो उघडून बसलो. ठमाबाई, श्रुतिका, हृतिक, सगळी वाडी होती. सुनील कुठेच नव्हता. दोन्ही लग्नांत तो कॅमेऱ्यामागे होता.