अंदमानला निघालेली दुर्बीण

नव्या सुतळीचा वास आला, की मला औंढ्याजवळच्या आमच्या तांड्यावरचं अंगण आठवतं. अंदमानातल्या शाळेत मला शिक्षिकेची नोकरी लागली होती. माझी पुरुषभर उंच दुर्बीण मला सोबत हवी होती. तिचा आरसा मी वर्षभर काच घासून स्वतः केला होता. विमानाने पाठवणं परवडणारं नव्हतं. चेन्नईहून जहाजाने स्वस्तात गेली असती, पण वाटेत कोणी आदळली तर? म्हणून मी ती घरीच ठेवायचं ठरवलं.

"काहून ठेवतीस?" याडी, म्हणजे माझी आई, म्हणाली. "आपली माणसं बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरली. आपल्याला एक पेटी पोचवता येत न्हाई व्हय?"

तिने आरसा वेगळा काढायला लावला आणि स्वतः शिवलेल्या गोधडीत गुंडाळला. लाकडी पेटीत नळी आणि आरसा ठेवून भोवती शेतातला कापूस ठासून भरला. पेटी हलवून ती कान लावायची, आत जरा खुडबुडलं की पुन्हा उघडायची. अखेर पेटी गप्प झाली, तेव्हा तिने सुतळी आवळली.

तेव्हा वाटलं, आई लेकीची हौस पुरवतेय. आज कळतं, समुद्र कधीही न पाहिलेली ती बाई आपल्या पूर्वजांचं काम करत होती.

पेटी जहाजाने अंदमानला पोचली, तेव्हा आरशावर ओरखडासुद्धा आला नव्हता. शनीची कडी पाहून शाळेतल्या पोरींनी विचारलं, "ही तुम्ही बनवली?"

"बनवली मी," मी म्हणाले, "पण समुद्रापार आणली माझ्या आईनं."