कॅरव्हॅन महाग, होडी स्वस्त

बहरीनमध्ये थंडी पडली की लोक घरं सोडून वाळूत राहायला जातात. उन्हाळ्यात तिथे बाहेर पाय ठेवायची सोय नसते, त्यामुळे डिसेंबर ते मार्च हेच काय ते मोकळ्या हवेचे दिवस. सखीरच्या बाजूला तंबू उभे राहतात, चाकांवरच्या खोल्या, म्हणजे कॅरव्हॅन, ओढून आणतात, जनरेटर लावतात. पैसेवाल्यांचं ते जुनं वेड. आमच्यासारख्याला ते लागायचं काही कारण नव्हतं, पण लागलं.

मी तिथे सुतार होतो. मनामा शहराच्या नईम वस्तीत एका कारखान्यात दारं, कपाटं, किचनची कामं. शाळा चार यत्ता, त्यातलीही निम्मी बापाच्या मचव्यावर गेली. बाप आमच्या रायगडच्या खाडीतून कौलं आणि लाकूड वाहायचा. तेव्हा लिहिण्यात चूक सापडली तर माफ करावं, कामात सापडायची नाही.

एका अरबाबच्या, म्हणजे तिथल्या मालक माणसाच्या, घरी कपाटं केली होती. त्याच्याकडे एक जुनी कॅरव्हॅन होती, टायर कधीच गेलेले, सखीरला विटांवर उभी, तळाची फळी सगळी कुजलेली. मी ती काढून नवीन तळ घातला, भिंतीला फडताळं केली, दार सरळ केलं. मजुरी घेतली नाही. त्या बदल्यात हिवाळ्यात शुक्रवारची रात्र आम्हाला, आणि भाडं नावाला. त्यात तीन घरं मिळून होतो. आम्ही, रत्नागिरीकडचं एक कुटुंब, आणि एका हॉटेलच्या लाँड्रीत काम करणारा वसईचा ख्रिश्चन माणूस आणि त्याची बायको. त्याच्याकडे मोटार होती. वयाने लहान म्हणून मला चाचा म्हणायचा, पण मान ठेवायचा असं नाही.

जुम्म्याची नमाज झाली की निघायचो, रात्र तिथे काढायची आणि शनिवारी पहाटे थेट कामावर.

माझी बायको नईमच्या खोलीत दिवसभर बंद असायची. खिडकी होती, पण ती समोरच्याच्या खिडकीत उघडायची, म्हणून तीही बंद. सखीरला पोचलं की ती आधी चप्पल काढायची. मग लाकडाच्या तुकड्यांवर, ते मी कारखान्यातून पोतं भरून न्यायचो, तांदळाच्या भाकऱ्या टाकायची. गॅस होता तरी चूलच पेटवायची. धूर डोळ्यांत गेला की शिव्या द्यायची, आणि शिव्या देताना खूश असायची. मुलगी म्हणायची, "अम्मी इज डिफरंट हिअर." मुलीला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून इंग्रजीच यायचं.

भाडं कुवेतच्या लढाईनंतर वाढायला लागलं. पहिल्या साली डिझेल अरबाबचं होतं. पुढच्या साली डिझेल आमचं. मग पाण्याच्या टाकीचे वेगळे. मग म्हणाला, जागेवर वॉचमन ठेवलाय, त्याचे द्या. ऑफिसवाले लोक आता कॅरव्हॅन भाड्याने घ्यायला लागले होते, त्यामुळे त्याला भाव कळला. त्यात रमजान दर वर्षी अलीकडे सरकत थंडीत येऊन बसलेला, म्हणजे शुक्रवार कमी आणि पैसे जास्त. आणि त्या साली रत्नागिरीवाल्यांचा व्हिसा संपला, ते गेले. तीन घरांचा बोजा दोघांवर. अरबाबने निरोप पाठवला की, सगळ्या हिवाळ्याचे पैसे एकदम द्या, रविवारपर्यंत सांगा.

मला पैशाचं तितकं नव्हतं. खरं सांगतो, तितकं नव्हतं. पण जो तळ मी घातला त्याच्यावर उभं राहायचं भाडं माझ्याकडून दरसाल वाढवून घेणार, हे मला गिळेना.

आणि त्या साली मुलगी दहावीला होती. मार्चमध्ये परीक्षा, ती झाली की दोघी गावी. मुलीला कॉलेजला घालायचं आणि आईने तिच्याबरोबर राहायचं, हे ठरलेलं होतं. म्हणजे बायकोचा बहरीनमधला तो शेवटचा हिवाळा. तो सखीरला काढायचा, तिने एवढंच मागितलं होतं.

"अवो, एक हिवाळा राहिलाय. त्याच्यात कसला हिशोब घालता?"

"हिशोब नाही. हा माणूस लुटतोय."

"लुटू दे. पुढच्या साली कोणाला लुटेल? मी नसणार, तुम्ही काय एकटे जाऊन भाकऱ्या भाजणार?"

मी म्हटलं, "होडी घेऊ."



मुहर्रकच्या बाजूला एक म्हातारा बहरीनी होता. त्याच्या होडीचं तुटकं बाकडं मी एकदा बसवून दिलं होतं. मोटर लावलेली छोटी लाकडी होडी. दिवसाचं भाडं कॅरव्हॅनच्या मानाने काहीच नाही. ना डिझेलचा जनरेटर, ना टाकी, ना वॉचमन. वसईवाल्यासमोर मी सगळं बोटांवर मांडून दाखवलं. एका हिवाळ्याच्या कॅरव्हॅनच्या पैशात आठवड्याला एक दिवस अशी दोन हिवाळे होडी चालेल. मध्ये कुठे वाळूचा पट्टा बघायचा, नांगर टाकायचा, तिथेच चूल, तिथेच जेवण. समुद्राची हवा फुकट.

वसईवाला म्हणाला, "चाचा, पण होडी चालवणार कोण?"

"मी खाडीत जन्मलोय."

"जन्म झाला तो मान्य. आता वय किती?"

शेवटी असं ठरलं की एक जुम्मा होडी करून बघायची. जमलं तर कॅरव्हॅन सोडायची. नाही जमलं तर रविवारी अरबाबला पैसे नेऊन द्यायचे. बायकोला मी तसं वचनच दिलं. ती म्हणाली, "बरं," आणि भाकरीचं पीठ डब्यात भरलं.

आमच्या खाडीत भरतीचा हिशोब प्रत्येक पोराला येतो. चाँदाची तारीख घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. चौथ्याला तीन वाजता, आठव्याला सहा वाजता. हिंदूंच्या घरी तिथी धरतात, आमच्याकडे चाँद, पाणी दोघांना सारखंच येतं. बाप घड्याळ न बघता याच्यावर मचवा बाहेर काढायचा आणि कधी चिखलात बसला नाही. त्या जुम्म्याला सोळावी होती. सोळाची पाऊणपट बारा. म्हणजे दुपारी बाराला भरती, सकाळभर पाणी चढतं राहणार. आठला निघायचं, पट्ट्यावर चूल पेटवायची, लवकर जेवायचं आणि भरल्या पाण्यात परत येऊन जुम्म्याची नमाज गाठायची.

म्हाताऱ्याकडे होडी सांगायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "सुबह नही. नमाज के बाद जाओ. सुबह पानी जाता है." मी मनात म्हटलं, याला सकाळी स्वतःला मासे मारायला जायचं असेल. मला पाणी शिकवतोय. मी म्हटलं, "मालूम है अरबाब, मैं समंदरवाला है." तो म्हणाला, "इंशाल्ला," आणि चावी दिली.

सकाळ चांगली होती. पाणी काचेसारखं, खाली गवत दिसत होतं. बायको गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती, आणि होडीने वेग घेतला तसा तिने एक हात बाहेर काढून पाण्याला लावला. मला बरं वाटलं. म्हटलं, झालं, ही होडीची झाली. वसईवाल्याची बायको तोंडाने गाणं गुणगुणत होती. मुलीने भूगोलाचं पुस्तक आणलं होतं, परीक्षा होती ना. वाळूचा पट्टा लागला. नांगर टाकला, पाणी गुडघ्याइतकं होतं. म्हटलं, अजून चढेल.

आम्ही खाली उतरलो, सामान काढलं. लाकडं ओली झाली होती, पेटायला तयार नाहीत. त्यात अर्धा तास गेला. मी मान वर केली तर होडी जराशी कलली होती.

वसईवाला म्हणाला, "चाचा, ही आराम करतेय काय?"

मी जाऊन बघितलं. पाणी घोट्याइतकं. मग आम्ही दोघांनी ढकलायला सुरुवात केली. ढकललं, ओढलं, मोटर वर घेतली, उरलेलं सामान उतरवलं. पाणी आमच्या डोळ्यांसमोर निघून गेलं. बघता बघता चहूबाजूंनी ओली वाळू उघडी पडली आणि होडी त्यात एका कुशीवर पडून राहिली. लांब मनामाच्या इमारती दिसत होत्या.

"तुमच्या चाँदाला बहरीनचा व्हिसा नाय मिळाला वाटतं," वसईवाला म्हणाला. "इमिग्रेशनमध्ये बसलाय."

मुलीने पुस्तक उघडलं होतं ते मिटलं. "अब्बा, हाय टाइड इजन्ट सेम एव्हरीव्हेअर. इट्स हिअर, इन द चॅप्टर."

"पाणी पुस्तक वाचून येत नाही."

"बट इट डिडन्ट कम, अब्बा."

बायको होडीच्या कडेला टेकून उभी होती, पायात वाळू, साडी वर खोचलेली. मग म्हणाली, "वाळूतच यायचं होतं तर तिकडेच गेलो असतो ना."

वसईवाल्याची बायको हसली, वसईवाला हसला, मुलगीही हसली. मीही हसायला पाहिजे होतं. मी म्हटलं, "हिशोब बरोबर आहे. समुद्र वेगळा आहे." हे मी आजही म्हणतो. आमच्या खाडीत येऊन कोणीही तपासावं.

दुपार तशीच गेली. सावली होडीच्या बाजूला हातभर, तिच्यात बायका बसल्या. जुम्म्याची नमाज गेली. मी वाळूवरच एकट्याने दुपारची, जोहरची नमाज पढलो. जुम्मा चुकणं पाच वर्षांत पहिल्यांदा झालं आणि मला ते कॅरव्हॅनच्या भाड्यापेक्षा जास्त लागलं. जेवण म्हणजे ब्रेड आणि मुलीच्या डब्यातली बिस्किटं. पीठ डब्यात तसंच. तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या सुमाराला पाणी परत आलं, जसं गेलं तसंच शांत, आणि होडी आपोआप सरळ झाली. म्हातारा किनाऱ्यावर बसलेला होता. चावी घेतली, काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

शनिवारी मी स्वतः म्हटलं, वचन म्हणजे वचन. कामावरून परस्पर अरबाबकडे गेलो, पैसे खिशात. रविवार उजाडायचा होता. अरबाबने मला बसवलं, चहा दिला. म्हणाला, कॅरव्हॅन दिली. मनामातल्या एका बँकेच्या लोकांनी सगळा हिवाळा घेतली, जास्त देऊन. मी म्हटलं, रविवार तुम्हीच सांगितला होता. तो म्हणाला, ते आज सकाळीच पैसे घेऊन आले, तू होडीत गेलास असं कानावर आलं, वाटलं तुला नको असेल. खलास.

उठताना म्हणाला, "तुम्हारा फ्लोअर बहोत अच्छा. वो लोग फ्लोअर देखके लिया."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती मुलीचे कपडे घडी करत होती. घडी अर्धवट हातात राहिली, मग पूर्ण केली. म्हणाली, "चला, परीक्षा पण हाय तिची." एवढंच.

मी गप्प बसलो नाही. वसईवाल्याला घेऊन तीन ठिकाणी विचारलं. रमजान झाल्यावर ईदनंतर एक मिळत होती, उम्म अल हस्समच्या एका माणसाची, दोन जुम्म्यांसाठी. पण दोन जुम्म्यांचे पैसे त्याने असे सांगितले की आमचा जुना अरबाब फरिश्ता वाटावा. वसईवाला म्हणाला, "घेऊन टाका चाचा, मी अर्धे देतो. दोनच तर आहेत." मी त्या माणसाशी घासाघीस केली. तो हलेना. मी म्हटलं, उद्या सांगतो. घरी आलो, बायकोला विचारलं, एवढे म्हणतोय, काय करू?

तिने विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "जास्त आहेत."

"मग राहू दे," ती म्हणाली.

तिने घ्या म्हटलं असतं तर मी घेतली असती. हे मी तेव्हाही स्वतःला सांगितलं. पण मी विचारलं कसं, ते मला माहीत आहे. तिलाही माहीत होतं.

परीक्षा झाली आणि दोघी गेल्या. मी नईमची खोली सोडली आणि मनामाच्या बाजाराजवळ बेड स्पेस घेतली. एका खोलीत सहा माणसं, प्रत्येकाची एक खाट. जुम्म्याला झोपायचो. पुढच्या थंडीत वसईवाला म्हणाला, चला चाचा, नुसती चक्कर मारून येऊ. मी गेलो नाही. मला थंडी बाधते म्हणून सांगितलं.

त्याच थंडीत एका जुम्म्याला मी घरी फोन लावला. तिकडे मुलगी कॉलेजला लागली होती, घराची कौलं बदलायची होती, बायकोच्या भावाचं काहीतरी होतं. सगळं बोलून झालं. फोन ठेवायच्या आधी तिने विचारलं, "यंदा कॅरव्हॅनचं भाडं काय म्हणतात तिकडे?"

मला भाडं माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

मी म्हटलं, "फार वाढलंय. परवडायचं नाही कोणाला."

फोनमध्ये मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"मग बरं झालं आपण नाय घेतली," ती म्हणाली.