आक्काला काही कमी पडू नये म्हणून

बेळगावच्या शहापुरातनं फोन आला तेव्हा दुपार होती आणि मी गवारीच्या शेंगा निवडत बसलो होतो. फोन आक्काच्या शेजारच्या सुमनवहिनींचा. त्यांच्या घरात मागावर साड्या विणतात, त्यामुळं त्यांचा फोन आला की आधी खटखट ऐकू येते आणि मग वहिनी. त्या दिवशी खटखट नव्हती. माग थांबवून बाई बोलत होत्या, तिथंच मी उठून उभा राहिलो. "अण्णा, आक्कांना जरा दम लागलाय. तुमी घाबरू नका," त्या म्हणाल्या. आता मला घाबरू नका म्हणणं म्हणजे काय, हे माझ्या बायकोला, शैलाला विचारा. तिनं तोपर्यंत माझ्या चपला दाराशी सरळ करून ठेवल्या होत्या. निपाणी ते बेळगाव मी गाडीत किती वेळा देवाचं नाव घेतलं, देवालाच माहीत. बेळगावच्या तोंडावरची काकती मागं पडली तेव्हा कुठं ध्यानात आलं की हातात अजून गवारीची शेंग आहे.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण करुणा. बेळगावच्या एका दवाखान्यात जन्मभर नर्स होती, लग्न केलं नाही, आणि शहापूरच्या एका बोळात भाड्याच्या खोलीत राहिली. आता ती नाही. जाऊन काही आठवडे झाले, तरी सकाळी उठल्यावर तिच्या गोळ्या संपत आल्या असतील, हा विचार आधी येतो आणि ती गेली हा नंतर येतो.

मी मुळातच काळजीचा माणूस. गॅस बंद आहे का ते दोनदा बघतो, दाराला कुलूप लावलं की ओढून बघतो. "अहो, ते लागलंय का बघताय, की उपटून काढताय?" असं शैला रोज विचारते. हा स्वभाव कुठनं आला ते मला पक्कं ठाऊक आहे. आमचे वडील रेल्वेत गँगमन होते, रूळ सांभाळायचे, गुंजीच्या लहानशा स्टेशनावर. ते अचानक गेले आणि आम्हाला क्वार्टर सोडावं लागलं. आई, आक्का आणि मी सगळा संसार घेऊन फलाटावर उभे. गाडी तिथं थांबते ती श्वास घेण्यापुरती. आईनं आधी आम्हाला दोघांना आत ढकललं, मग हाताला आलं ते चढवलं, आणि गाडी सुटली. निम्मं सामान फलाटावरच राहिलं. तांब्याचा हंडा, वडिलांची ट्रंक, अंथरुणाची वळकटी… मी खिडकीच्या गजाला धरून बोंबललो. आज नोकरीतनं निवृत्त होऊनही इतकी वर्षं झाली, तरी तो हंडा मला डोळ्यांसमोर दिसतो. आक्का त्याच खिडकीशी होती. ती मात्र पुढं आयुष्यभर सांगायची, "त्या दिवशी किती देवानं सांभाळलं बघ, आमी तिघंबी गाडीत होतो!" एकच गाडी, एकच खिडकी. मी तिच्यातनं धास्ती घेऊन उतरलो आणि ती काय घेऊन उतरली ते मला कळायला लई उशीर लागला.

आमच्या बेळगावच्या ख्रिस्ती मंडळीत हंगामाचा सण असतो. ज्याच्या शेतात जे पिकलं त्यातलं पहिलं तो देवळात आणून वेदीसमोर ठेवतो. कुणी भोपळा, कुणी उसाची मोळी, कुणी पाय बांधलेला कोंबडा. उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव होतो आणि येणारा पैसा गरजूंच्या फंडात जातो. आक्काकडं शेत कुठलं? पण दवाखान्यातनं निवृत्त झाली त्या वर्षी ती रिक्षातनं आपलं शिवणयंत्र घेऊन आली आणि वेदीसमोर भोपळ्यांच्या शेजारी ठेवलं. मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. तिला विचारलं तर म्हणाली, "माझं शेत न्हाय रं. मग माझं पीक काय? वर्षभरात घरात जे जास्तीचं वाढलं ते. आन ज्याच्यावर जीव बसायला लागलाय ते आधी."

झालं. मशीनचा पुकारा सुरू झाला आणि माझा हात वर गेला. मी ते घेतलं, टेम्पोत घातलं आणि निपाणीला आणलं. आक्का चिडली. देवळाच्या दारातच आमचं जुंपलं. "देवाला दिलेलं परत घरात घेतोस व्हय रं?" मी म्हणालो, "तू देवाला दिलंस. मी देवाकडनं विकत घेतलं. तुझा काय संबंध?" मंडळीचे पाळकसाहेब हसायला लागले, तशी तीही हसली.

मग दर वर्षी हेच. एका वर्षी मिक्सर, एका वर्षी लोखंडी कपाट, एका वर्षी आरामखुर्ची. तिच्यासाठी वहिनींनी मुद्दाम विणलेली अंजिरी साडीसुद्धा. लोकांना खेळ कळला होता. आक्काची वस्तू पुढं आली की कोणीतरी ओरडायचं, "निपाणीकर, चढवा की!" आणि मी चढवायचो. एकदा तर तिनं स्वतःची कॉट आणली. मी हात जोडले. म्हणालो, "आक्का, आता झोपणार कुठं?" म्हणाली, "खाली. खाली झोपलेलं माणूस पडत न्हाय." माझ्या घरातली मागची खोली अशी भरत गेली. शैला कुरकुरली नाही, पण एकदा विचारलं, "हे सगळं कशाला हो?" मी म्हणालो, "म्हातारपणी लागंल तिला. ऐनवेळी कमी पडायला नको." तेवढी एकच काळजी होती मला. देत-देत ही बाई एक दिवस उघड्यावर येणार, मागायची तर तिला सवय नाही, आणि मी जवळ नसणार.

फोन आला त्याच दिवशी मी तिला निपाणीला घेऊन आलो. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हृदय थकलंय, आता सांभाळायचं. येताना तिच्याजवळ एक पिशवी होती आणि ती पण सुमनवहिनींची. खरं सांगतो, मला आतून बरं वाटत होतं. ऐनवेळ आली होती आणि माझी तयारी होती. मी खोलीचं दार उघडलं आणि म्हणालो, "बघ. तुझं सगळं आहे." ती उंबऱ्यावर थांबून बघत राहिली आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. "अरं देवा… दुकान टाकलंस की रं!" मग कॉटवर टेकली आणि म्हणाली, "व्हय बाबा, लागली खरी." त्या एका वाक्यानं मला दहा हत्तींचं बळ आलं.

ते टिकलं मात्र नाही. खोलीत कपाट, खुर्च्या, मशीन, पेट्या, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत कॉट. डॉक्टर आले तर त्यांना अंग तिरकं करून आत यावं लागे. आमच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या बाया राहतात, त्यांना तिनं आठवड्याभरात आपलंसं केलं होतं. त्या यायच्या आणि दारात ताटकळून जायच्या. मी स्वतः तिच्या पायथ्याला, कपाटाला पाठ लावून उभा राहायचो. एका सकाळी ती म्हणाली, "मला मानसं दिसत न्हाईत रं. नुसतं कपाट दिसतंय. हे काढ आन तू बस की जरा."

मी ऐकल्यासारखं केलं आणि गोळ्या आणायला गेलो. दुसऱ्या दिवशीही तसंच केलं. तिला नाही म्हणायची हिंमत नव्हती, आणि हात लावायचीही नव्हती. कारण मला भलतीच भीती वाटत होती… खोली रिकामी करायची म्हणजे माणूस गेल्यावर करतात तेच झालं. तिचं सामान आहे तोवर ती आहे, असं माझ्या मनानं कधीचं धरून ठेवलं होतं. तिच्या ते ध्यानात आलं असावं. संध्याकाळी तिनं मला जवळ बोलावलं. मी कसाबसा पेटीवर टेकलो आणि विचारलं, "आक्का, तुला भीती वाटत न्हाय?"

"वाटती की. लई वाटती."

तिला भीती वाटत नाही, याच आधारावर मी इतकी वर्षं तिच्यावर चिडत आलो होतो.

"भ्यालेल्या मानसाला कुणाचा तरी हात धरावा लागतोय," ती म्हणाली. "तुझे दोन्ही भरलेले. धरणार कशानं?" आणि तिनं माझ्या हातातली औषधाची पिशवी काढून बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी आधी कपाट काढलं. शेजारच्या घरात लग्न ठरलं होतं, तिथं दिलं. शिवणयंत्र विड्या वळणाऱ्या गंगूबाईनं नेलं, कारण वळून-वळून तिची बोटं धरली होती आणि तिला दुसरं काम हवं होतं. प्रत्येक वस्तू मी दारापर्यंत एका हातानं धरूनच ठेवायचो. आक्काकडं बघायचो, तर ती नेणाऱ्याच्या तोंडाकडं बघत असायची. आरामखुर्ची, मिक्सर, पेट्या, सगळं गेलं. अंजिरी साडी मात्र तिनं ठेवून घेतली आणि सुमनवहिनी भेटायला आल्या तेव्हा त्यांच्या खांद्यावर टाकली. "तुमीच विणली, तुमालाच शोभती," म्हणाली. वहिनी तिथंच रडल्या. मग खोलीत कॉट उरली आणि फरशी. त्या फरशीवर बाया मांडी घालून बसायच्या. पाळकसाहेब बेळगावातनं यायचे, प्रार्थना व्हायची, गीत व्हायचं, गंगूबाईला गीत येत नव्हतं तर ती टाळ्या वाजवायची. डॉक्टरसुद्धा एकदा चहा घेत खाली टेकले. शेवटी-शेवटी आक्का बोलत नव्हती, पण डोळे उघडून एकेकाला बघायची. ती गेली तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि ती सगळी माणसं होती. मी तिच्या उशाशी होतो. तिचा हात माझ्या हातात होता आणि तो निवत गेला तसं मला कळत गेलं.

माझा स्वभाव बदलला, असं लिहिलं तर शैला हा कागद फाडेल. कुलूप मी अजून ओढतो. उलट एक नवीच काळजी लागलीय, ती पाळकसाहेबांना सांगायची सोय नाही. आक्का प्रभूच्या घरी गेली, हा माझा विश्वास आहे, मनापासून आहे. तरी पहाटे गार वारा सुटला की वाटतं, तिला तिथं पांघरूण असेल ना? ओळखीचं कुणी असेल ना? येड्यासारखं आहे हे, मला कळतं… पण वाटतं. इतकी वर्षं तिनं काहीही टाकलं तरी मी ते उचलून तिच्या मागं उभा राहायचो. आता पहिल्यांदाच असं झालंय की तिच्यापर्यंत मला काहीही पोचवता येत नाही.

परवा शैलानं विचारलं, मागच्या खोलीत काय ठेवायचं? मी म्हणालो, काही नको. जीव फारच घाबरा झाला की मी तिथं जातो, फरशीवर मांडी घालतो आणि नुसता बसतो. तिनं माझ्याकडं तेवढंच तर मागितलं होतं.