शेवंताआत्याची ओ

माझी शेवंताआत्या नसती तर माझी शाळा सातवीतच सुटली असती आणि हे लिहायला मी बसलोच नसतो. म्हणून पहिलं नाव तिचं. अनुभव माझा असला तरी निम्मा तिचाच आहे.

दुसरं म्हणजे, माझा असल्या गूढ गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आम्ही बौद्ध. आजोबांच्या काळापासून आमच्या घरात अंगारा नाही, नवस नाही, देवऋषी तर उंबऱ्याच्या आत आलेला नाही. या सदरातले अनुभव मी हॉस्टेलवर मोठ्याने वाचून दाखवायचो, ते सगळ्यांना हसवायला. आता तुम्ही हसा... माझी हरकत नाही.

आमची वस्ती ओतूरपासून थोडी आत. एसटी डांबरी रस्त्यावर सोडते, तिथून घरापर्यंत दोन्ही बाजूंना ऊस. आणि जुन्नर तालुक्यात ऊस म्हटला की बिबट्या आलाच. अंधारायला लागलं की आमच्याकडची माणसं मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून चालतात. आवाज ऐकला की तो आपण होऊन बाजूला होतो.

मी सातवीत असताना त्याच वाटेवरून शेजाऱ्यांची शेळी बिबट्याने नेली. वडील म्हणाले, "बास झाली शाळा. जीव हाये तर सगळं हाये." आत्याचं घर तिथेच, उसाच्या कडेला उंचवट्यावर. ती आली आणि वडिलांना म्हणाली, "दादा, पोरगं शाळंत जाईल. वाट मी बघते."

मी वळणावर आलो की हाळी द्यायची — "आत्या ऽऽ!" — आणि ती अंगणात उभी राहून ओ द्यायची, "ओ ऽऽ! ये रं ये! हाये मी!" बस, तिच्या आवाजाच्या रोखाने चालत राहायचं. बारावीपर्यंत ही ओ कधी चुकली नाही. अंगात ताप असला तरी गोधडी गुंडाळून उभी असायची. पुढे वस्तीतली सगळीच पोरं तिला हाळी द्यायला लागली आणि ती सगळ्यांना ओ देऊ लागली.

मी घरातला पहिला ग्रॅज्युएट. पुण्यात एम.एस्सी. करताना एक्स्चेंजवर एका सेमिस्टरसाठी फिनलंडला निवड झाली, तेव्हा आत्याने एकच प्रश्न विचारला.

"तिथं बिबट्या हाये का?"

"नाही आत्या."

"मग काय भ्यायचं! जा."

माझं विद्यापीठ एका मोठ्या तळ्याकाठी होतं. रूममेट स्पेनचा, नाव मातेओ. हा मुलगा माझ्यासारखाच थंडीने रडकुंडीला आलेला, त्यामुळे दोस्ती पहिल्याच आठवड्यात. संध्याकाळी बाहेर पडलो की माझा हात आपोआप मोबाईलकडे जायचा आणि गाणी सुरू. मातेओ म्हणायचा, "संदीप, इथे एवढी शांतता आहे, तू ती का मोडतोस?" मी त्याला बिबट्याचं सांगितलं. त्या दिवसापासून तो मला लोकांना भेटवताना म्हणायचा, "हा माझा मित्र. याच्या गावात शाळेच्या वाटेवर बिबटे असतात." पोरी माझ्याकडे फार आदराने बघायच्या, हेही खरं सांगतो.

डिसेंबरमधल्या एका शुक्रवारची गोष्ट. तिकडे तेव्हा तीन वाजता दिवस मावळतो. आम्ही दोघं सामान घेऊन काठाकाठाने परत निघालो आणि बर्फ पडायला लागला. साधासुधा नाही... चार हातांवरचं दिसेना. तरी बडबड चालू, गाणी चालू. आणि गारठ्याने माझा मोबाईल अचानक बंद पडला. मातेओचा त्याआधीच गेला होता.

एकदम सगळं गप्प झालं.

मातेओ थांबला. म्हणाला, "झाडं कुठे गेली?" काठाला झाडं होती, ती दिसायला हवी होती. पायाखाली सपाट. फार सपाट. तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला — आम्ही काठ सोडून तळ्यावर आलो होतो. बर्फाने जमीन कुठे संपली तेच कळलं नव्हतं. आणि विद्यापीठाने सगळ्यांना बजावलं होतं, की तळं अजून नीट गोठलेलं नाही, जानेवारीपर्यंत पाय ठेवायचा नाही. आल्या पावली फिरावं, तर पावलं बुजलेली.

मातेओने माझी बाही धरली. "कुठल्या बाजूला?" मला काय ठाऊक! समोर जरा उजळ वाटत होतं. मी म्हटलं समोर जाऊ... दोन पावलं टाकलीसुद्धा. आणि मोबाईल बंद पडल्यावर आमच्याकडचा माणूस जे करतो, तेच माझ्याकडून झालं. विचार वगैरे काही नाही. मी हाळी दिली.

"आत्या ऽऽ!"

आणि डाव्या हाताकडून, मागून, ओ आली.

"ओ ऽऽ! आरं वढ्याकडनं नगं! बांधानं ये, बांधानं!"

तोच आवाज. 'ओ' शेवटाला वर चढतो ना तिचा, तसाच. खरं सांगू — माझी भीतीच गेली. मी मातेओला ओढत आवाजाच्या रोखाने वळलो. थोडं गेल्यावर बुटाला दगड लागला. मग दुसरा. तळ्यात आलेला दगडी बांध होता तो, बोटी लावण्यासाठी घातलेला, बर्फाखाली गेलेला. त्याच्यावरून रांगल्यासारखं चालत आम्ही काठाला लागलो.

झाडाला टेकून मातेओने पहिलं काय विचारलं असेल? "ती बाई कुठे आहे? तिचे आभार मानायला हवेत."

"तू ऐकलंस?"

"म्हणजे काय! 'नगं, नगं' म्हणत होती. नगं म्हणजे काय?"

सकाळी बर्फ थांबल्यावर आम्ही दोघं काठावर जाऊन उभे राहिलो. बांधाच्या पलीकडे, आदल्या संध्याकाळी आम्ही ज्या बाजूला निघालो होतो तिकडे, एक ओढा तळ्याला मिळतो. वाहतं पाणी, त्यामुळे तिथे बर्फ धरत नाही. काळं पाणी उघडं दिसत होतं. मातेओने बर्फाचा एक गोळा त्यात फेकून पाहिला. मग म्हणाला, "चल, नाश्ता करू. जिवंत आहोत तर खाऊन घेऊ." त्या दिवशी आम्ही इतकं खाल्लं की कँटीनवाली बघत राहिली.

रविवारी आत्याच्या घरी व्हिडिओ कॉल केला. यातलं काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं, उगाच काळजी. फोन सुनीतावहिनीने घेतला. ती आत्याची सून. तिने फोन घेऊन अंगणात जाऊन हळू आवाजात सांगितलं, "भावजी, आत्याबाईंचं काय खरं न्हाई."

"का? काय झालं?"

"परवाच्या दिशी आमी सगळी सिरीयल बघत व्हतो. ह्या एकदम उठल्या, अंगणात गेल्या आन् वरडल्या — वढ्याकडनं नगं, बांधानं ये! आवो, शाळंला सुट्टी, वाटंवर चिटपाखरू नाय. आन् वढ्याकडनं येतंय कोन? मी इचारलं कोन आलं, तर म्हनत्यात संदीप आला, हाक मारली की त्यानं!"

आम्ही तळ्यावर वाट चुकलो ती तिथली साडेतीनची वेळ म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे सात. वार तोच. 

पुढचं ऐकून मात्र वाईट वाटलं. सगळी वस्ती तिची चेष्टा करत होती. बाळूदादा, तिचाच मुलगा, येताजाता विचारायचा, "आई, संदीपचं इमान बांधावर उतरलं का?" आधी आत्याही हसली. मग गप्प झाली. तिच्या आईचं म्हातारपणी भान गेलं होतं, तसंच आपलं व्हायला लागलं असं तिने मनात घेतलं. शेजारची एक बाई देवऋषीकडे न्या म्हणाली, तिला आत्याने हाकलून दिलं, तेवढा ताठा शिल्लक होता. पण संध्याकाळी अंगणात येणं तिने बंद केलं. पोरं वळणावर हाळी द्यायची आणि आत्या कानावर पदर घेऊन आत बसायची. "मला खरं कुनाचं ऐकू येतंय आन् खोटं कुनाचं, काय कळत नाय," म्हणायची.

मी तिला फोनवर घेऊन सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माझं मन राखायला बोलतूस तू. गुणाचं हायेस." आणि फोन वहिनीच्या हातात दिला.

मंडळी, दगडी बांध योगायोगाने सापडला असेल. भीतीने मला भास झाला असेल. पण मातेओला मराठीचं एक अक्षर येत नाही, त्याला 'नगं' कुठून ऐकू आलं? आणि हजारो मैलांवर माझी हाळी तिला कशी पोचली? मी सायन्सचा विद्यार्थी आहे, खूप डोकं लावलं. उत्तर नाही. शोधायचं तर शोधेन नंतर... तेव्हा मला आत्याची पडली होती. फोनवर कोणीही काही बोलतं, पण लिहिलेल्यावर तिचा भरवसा, म्हणून पत्र टाकलं. ते असं —

ती. शेवंताआत्यास,

संदीपचा सप्रेम जय भीम.

सुनीतावहिनी, हे पत्र अंगणात बसून मोठ्याने वाच. बाळूदादाला समोर बसव. तो मध्ये हसला तर पुन्हा पहिल्यापासून वाच.

आत्या, तुझे कान शाबूत आहेत आणि डोकंही ठिकाणावर आहे. त्या संध्याकाळी हाळी मीच दिली होती. मी तळ्यावर वाट चुकलो होतो, ओढ्याच्या बाजूला निघालो होतो. तू नको म्हणालीस म्हणून वळलो. माझ्याबरोबर दुसऱ्या देशाचा एक मुलगा होता, त्यानेही ऐकलं. खाली त्याने त्याच्या भाषेत लिहून सही केली आहे. त्याची आई तिकडे स्पेनमध्ये आहे, तिलाही त्याने तुझं नाव कळवलंय. हे कसं झालं ते मला सांगता येत नाही. पण झालं, आणि दोन घरची पोरं वाचली.

आता पोरांनी वळणावरून हाळी दिली की ऊठ. आणि एखाद्या संध्याकाळी वाटेवर कोणी दिसलं नाही, तरी हाक कानावर आली तर ओ दे. लोक हसले तर हसू देत. कोण कुठल्या वाटेला लागलेला असेल, आपल्याला काय माहीत.

तुझा,
संदीप